पाल्याखालची माती

चैत्र लागला की आमच्या कॉलनीमागच्या रानांतून उसाचा पाला पेटवायला सुरुवात होते आणि मी भराभरा खिडक्या लावून घेते. सूनबाई म्हणते, "आई, एवढ्याशा धुरानं काय होतंय तुम्हाला?" काय सांगायचं तिला! म्हातारीला दमा असेल असं समजून ती बिचारी सुंठ उगाळून देते, मीही मुकाट्यानं चाटते. खरी गोष्ट अशी की तो वास नाकात गेला की सत्तरी उलटलेली मी बाई पुन्हा सोळा वर्षांची होऊन बांधावर उभी राहते. हातात निरगुडीची ओली फांदी, आणि डोळे शेजारच्या रानात पेटलेल्या धसकटांवर. एखादी ठिणगी इकडं उडाली तर?

भीती म्हणजे काय असतं ते मी एका वर्षात शिकले. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढचं ते वर्ष. तोवर मी वाघिणीसारखी हिंडायचे, असं आई म्हणायची. कसली वाघीण! साधं झुरळ आलं तरी मी किंचाळायचे. पण झुरळाची भीती वेगळी. ती येते आणि जाते. त्या वर्षीची भीती आमच्या घरात राहायलाच आली होती.

गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतरणीवर आमचं तीन एकर रान होतं. त्याला सगळे 'खरवड' म्हणायचे. भाताच्या पातेल्याच्या बुडाला करपून चिकटलेली जी खरवड असते ना, तसलीच ती जमीन. वर चार बोटं तांबडी माती, खाली नुसता मुरूम. दरसाल उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, मन लावून नांगरायचे. औताच्या मागं माती कशी भुसभुशीत होऊन पडायची, बघत राहावं. आणि दरसाल आखाडात ती भुसभुशीत माती पावसाबरोबर उतरणीनं निघून जायची. ओढा लालभडक व्हायचा. आबा बांधावर घोंगडं घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चाललं बघ आपलं रान." पुढल्या वर्षी आणखी थोडे दगड वर आलेले असायचे. आबा ते वेचायचे, उतारावर त्यांचे ताल, म्हणजे दगडी बांध, रचायचे आणि पुन्हा नांगरायचे. हे कुणाला दिसत नव्हतं असं नाही. पण औत घातलं नाही तर ते रान कसलं, असंच सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

माघात खळ्यावर जोंधळा मळताना आबा खाली बसले ते स्वतःच्या पायांवर पुन्हा उठले नाहीत. लकवा. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. एवढा खणखणीत आवाजाचा माणूस, पण आता एकेक शब्द ओढून ओढून काढायचा. एक बैल दिवाळीतच रोगानं गेला होता. उरलेल्या एकाला आईनं वडगावचा बाजार दाखवला. दारातला दावणीचा खुंटा मोकळा झाला आणि घरात एक म्हैस, आम्ही तिघं आणि ते रान, एवढं उरलं.

तेव्हाच चावडीवरून ती बोलणी घरी यायला लागली. कसेल त्याची जमीन, असा कायदा मुंबईहून आलाय म्हणे. कायदा कुणी वाचला होता? कुणीच नाही. प्रत्येकानं आपापल्यापुरता अर्थ लावला. आमच्या गावानं लावलेला अर्थ असा, की ज्याचं औत रानात गेलं त्याचं नाव कागदाला लागलं. आणि दुसरी आवई अशी, की रान दोन वर्षं पडीक राहिलं की सरकार ताब्यात घेणार. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण त्या उन्हाळ्यात गावातला पैरा मोडला. एरवी याचा बैल त्याच्या औताला, त्याचा गडी याच्या पेरणीला, अशी सगळी देवघेव चालायची. त्या वर्षी सख्खे भाऊ एकमेकांच्या बैलांकडं चोरून बघायला लागले. मला तर वाटतं, गाव तेव्हा जेवढं भ्यालं तेवढं प्लेगालासुद्धा भ्यालं नसेल.

आबांचे चुलतभाऊ, बापूकाका, आमच्या शेजारीच राहायचे. अंगानं दांडगे, मिशीला पीळ, बोलणं गोड. पाडव्याच्या आधी एक दिवस ते सोप्यात येऊन बसले आणि म्हणाले, "वैनी, औताची काळजी करू नगा. माझं औत घालतो की खरवडीत. दोन दिसाचं काम हाय."

आई चुलीपुढं होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि मगच म्हणाली, "बघू की भाऊजी. एवढी घाई काय हाय?"

खाटेवर आबांचे डोळे असे मोठे झाले होते की मला बघवेना. काका गेल्यावर त्यांनी डाव्या हातानं आईचा पदर धरला आणि घशातून शब्द काढला, "औत... न्हाय. कुणाचं... न्हाय."

"न्हाय घालत वो," आई म्हणाली. "माझ्या गळ्याशपत न्हाय घालत."

आता तुम्ही म्हणाल, मग तिनं स्वतः का नाही धरलं औत? अहो, बैल कुठून आणायचे? आणि बैल असते तरी बाईनं औताला हात लावायचा नाही, लावला तर पाऊस पळतो, ही समजूत अशी घट्ट, की आई परसातला टेकून ठेवलेला नांगरसुद्धा झाडूनं झाडायची, हातानं नाही. म्हणजे दुसऱ्याचं औत घालावं तर रान त्याच्या नावावर जायची भीती, घालू नये तर पडीक म्हणून सरकारात जायची भीती, आणि स्वतः घालावं तर पाऊसच जायची. कुणीकडून पळायचं सांगा!

आईला वाट सापडली ती गुऱ्हाळावर. नदीकाठच्या एका मळ्यात गूळ करायचं काम चाललं होतं, तिथं ती रोजगाराला जायची. चुलाणाची ती धग, काहिलीतल्या उकळत्या रसाचा वास, आणि बाजूला सोललेल्या पाल्याचा डोंगर. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं गेल्या सालचा कुजका पाला पायानं सारला. खालची जमीन ओली होती. सगळीकडं उन्हानं भेगा पडलेल्या, आणि तिथं बोट घातलं तर आत जात होतं. मला आठवतं, ती घरी आली ती पाण्याचा तांब्याही न घेता मला म्हणाली, "सुमे, उद्यापासनं पाला आणायचा. मी दोन भारं आणतो, तू एक आण." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, जातो, येतो, करतो. कोकणातली माझी सून अजून हसते.

गुऱ्हाळवाल्याला काय, पाला कुणी फुकट उचलून नेतंय म्हटल्यावर बरंच वाटलं. महिनाभर आम्ही मायलेकी डोक्यावरून पाला वाहत होतो. मानेला, कानामागं, कोपरांवर त्याची कूस, म्हणजे पानांवरची काटेरी लव, लागून लागून बारीक चिरा पडायच्या आणि आंघोळीचं पाणी पडलं की आग आग व्हायची. खरवडीतली जोंधळ्याची धसकटं आईनं तशीच उभी ठेवली. एरवी आम्ही ती उपटून सरपणाला घरी आणायचो, उरलेली रानातच पेटवायचो. त्या साली एक उपटू दिलं नाही. धसकटांच्या ओळींच्या मधून पाला अंथरला. रान सगळं पिवळट, विस्कटलेलं दिसायला लागलं, एखाद्या म्हातारीच्या केसांसारखं.

गावाला काय, विषयच मिळाला. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, "काय गं, रानाला वाकळ घातलीस व्हय? गारठलं हुतं काय?" आई हसून घ्यायची. "तुमच्या रानाला बी घालू काय?" म्हणायची. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सातवी पास झालेली मुलगी मी, आणि डोक्यावर पाल्याचा भारा घेऊन वेशीतून जायचं!

आणि मग ते धुराचे दिवस आले. आजूबाजूच्या रानांतून धसकटं पेटायला लागली. सगळ्या शिवारात एक आमचंच रान असं, की एका ठिणगीनं भडकलं असतं. दुपारच्या उन्हात, वारा सुटला की, आई एका बांधावर आणि मी दुसऱ्या. पायाशी पाण्याची घागर. डोळ्यांतून पाणी वाहायचं, ते धुरामुळं की रडू येत होतं म्हणून, मला तेव्हाही कळायचं नाही. एकदा एक जळती काडी खरंच आली. मी किंचाळले, आई धावत आली आणि पायानंच ती विझवली. तळव्याला फोड आला. "काय न्हाय झालं," म्हणाली. तिचं हे 'काय न्हाय झालं' मी त्या वर्षी किती वेळा ऐकलं असेल!

पेरणीला तिनं टोकण केली. टोकण म्हणजे बायकांचंच काम. टोकाला लोखंड मारलेली काठी जमिनीत रोवायची, भोकात दोन दाणे टाकायचे, पायानं दाबायचं. त्याला गावाची हरकत नव्हती. जुन्या धसकटांच्या दोन ओळींच्या मधे पाला सारून जोंधळा, आणि दर तिसऱ्या ओळीला चवळी. तीन एकर वाकून टोकायचं म्हणजे काय होतं ते माझ्या कमरेला विचारा. अजून सांगते ती.

आबा घरात खाटेवर पडून सगळं ऐकायचे. त्यांची भीती माझ्या भीतीहून मोठी होती, कारण त्यांना काही दिसत नव्हतं. दारावरून कुणी गेलं तरी "कोन?" विचारायचे. बापूकाकांचे बैल घुंगरं वाजवत गेले की त्यांचा डावा हात खाटेच्या दोरीत रुतायचा. टोकण झाली त्या संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. "ढेकूळ," म्हणाले. "रोज... आण."

"कशाला आबा?"

"औत गेलं... तर... कळंल."

चाळीस वर्षं मातीत घालवलेला माणूस. चिमटीत ढेकूळ फोडलं की त्यांना कळायचं, माती पलटलीय की नाही. आम्ही काहीही सांगू, पण ढेकूळ त्यांना फसवणार नाही, असं त्यांना वाटायचं. पहिल्या दिवशी आणलेलं ढेकूळ विटेसारखं टणक होतं. त्यांनी ते दाबलं, हुंगलं, गालाला लावलं. आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आता मी जे लिहितेय, ते लिहायला हात रेटत नाही. पाऊस लागल्यावर त्या पाल्यात विरोळे साप निघायला लागले. ते विषारी नसतात, हे मला शंभरदा सांगून झालं होतं. पण पायाखाली पाला सळसळला की विषारी कोण आणि बिनविषारी कोण, हे विचारायला थांबतंय कोण? एकदा एक फुरसंही दिसलं. त्यानंतर मी पाल्यात पाऊल टाकलं नाही. रोजचं ढेकूळ मी बांधाच्या बाहेरून, पायवाटेच्या कडेनं उचलायला लागले. तिथं पाला नव्हता, माणसांच्या पायांनी तुडवलेली कडक जमीन होती. आबा ते दाबायचे, समाधानानं मान हलवायचे. मीही म्हणायचे, चला, बरं झालं. कुणाचं काय बिघडतंय?

जोंधळा गुडघ्याच्या खाली असताना पिवळा पडला. सगळा! आजूबाजूच्या रानांत हिरवंगार, आणि आमच्यात कावीळ झाल्यासारखं. येणारा जाणारा थांबून बघायचा. कुणी म्हणालं, पाल्यातून मुळं खाणारी हुमणी लागली. कुणी म्हणालं, बाईनं शेती केली की असंच व्हायचं. बापूकाका बांधावर उभे राहिले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वैनी, अजून सांगतो. मोडा हे. औत घालून हुलगा टाकू." आई तडक वळली. घरी येऊन गोठ्यात गेली आणि म्हशीचं मूत घागरीत धरायला लागली. चार घागरी पाण्यात एक घागर कालवायची आणि बुडाबुडाला ओतायचं. का, ते तिला सांगता आलं नसतं. उकिरड्याकडेचं गवत काळंभोर असतं, एवढं तिनं बघितलं होतं. पुढं माझा मुलगा शेतकी कॉलेजात शिकला, तेव्हा त्यानं मला उलगडून सांगितलं, की वाळका पाला कुजताना आधी मातीतलंच नत्र स्वतःकडं ओढून घेतो, पिकाला उरत नाही. नंतर मात्र घेतलेलं परत देतो. मी त्याला म्हटलं, "बाबा, तू तेव्हा कुठं होतास रे!"

आम्ही पंधरा दिवस घागरी वाहिल्या, मी बांधापर्यंत आणि आई आतल्या बुडांपर्यंत. सगळ्या अंगाला गोठ्याचा वास. त्यातच बेंदूर आला. गावात बैलांच्या शिंगांना हिंगूळ लागला, झुली पडल्या, हलगी वाजायला लागली. आमच्या घरी आईनं मातीचे दोन बैल केले आणि पाटावर मांडून पूजले. आबांनी भिंतीकडं तोंड केलं. मी पुरणपोळी घेऊन गेले तर डोळे मिटून घेतले. ते झोपले नव्हते, पापण्या थरथरत होत्या.

श्रावण सरता सरता जोंधळ्याचा रंग फिरला. आधी चवळीच्या शेजारच्या ओळी, मग मधल्या. रोज थोडा थोडा. मला खोटं वाटायचं. आणि ओढा! त्या वर्षी आमच्या उतरणीवरून ओढ्याला जाणारं पाणी लाल नव्हतं, चहासारखं पातळ, काडीकचरा घेऊन चाललेलं. आई बांधावर उभी राहून ते बघत राहायची.

भाद्रपदात एक दिवस मी नेहमीसारखी वाटेकडचं ढेकूळ उचलायला वाकले, तर आई रानातून म्हणाली, "थांब, मी देतो." तिनं पाला सारला आणि ओंजळ भरून माती काढली. ढेकूळ नव्हतंच ते. काळपट, ओली, दाणेदार माती, आत पांढरी बारीक मुळं आणि वळवळणारं एक गांडूळ. वास असा, की नुकतं घर सारवलंय असं वाटावं. "बघ की, कशी झालीया!" आईचा चेहरा इतका उजळला होता की मी तोंड उघडू शकले नाही. पदरात बांधून ती माती घरी घेऊन गेले. वाटेत चारदा वाटलं, टाकून द्यावी आणि वाटेकडचं उचलावं. पण आई मागून येत होती.

आबांनी चिमूट दाबली. ती सहज विसकटली. त्यांनी पुन्हा घेतली, पुन्हा दाबली. आदल्या दिवशी वीट, आणि आज हे! त्यांचा चेहरा माझ्यासमोर पांढरा पडत गेला.

"औत गेलंय," ते म्हणाले.

आई आधी हसली. "कुणाचं वो?"

"बापूचं."

"अवं, उभ्या पिकात औत जाईल व्हय?"

"पेरायच्या... आदी. पोरीकडं भलतंच ढेकूळ... दिलंस. मला... फसीवलं. तुमी."

त्यानंतर ते आईच्या हातचं जेवले नाहीत. मी भरवलं तर खायचे, आई आली की तोंड मिटायचे. आई ताट ठेवून बाहेर जायची. मी एका वाक्यात सगळं मिटवू शकत होते. पण मग मी दोन महिने खोटं बोलत होते हे कळलं असतं, आणि आबा माझ्या हातचंही जेवले नसते. मला तेच नको होतं. पाच दिवस मी ते वाक्य तोंडात घोळवलं आणि गिळलं. इतकी भ्याड असते का मुलगी? असते. मी होते.

सहाव्या दिवशी तलाठी पीकपाहणीला आले. वहाणा, काळी टोपी, बगलेत दप्तर, आणि मागं गावातली चार माणसं. त्यांत बापूकाकाही होते. वाटेत आमचं घर लागतं म्हणून तलाठी सोप्यात टेकले आणि आबांना म्हणाले, "काय, तब्येत बरी आहे ना? खरवड यंदा कोण करतंय?"

आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला होता. तो तसाच हातात राहिला. आबांनी डावा हात उचलला, सरळ बापूकाकांकडं केला.

"ह्यानं. ह्यानं औत... घातलं."

 ज्या गोष्टीला ते सहा महिने भीत होते, ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितली. तलाठ्यांनी काकांकडं पाहिलं. आता बापूकाकांनी नुसतं 'व्हय' म्हणायचं बाकी होतं. एक शब्द. तीन साक्षीदार उभे होते. काका गप्प राहिले. 'न्हाय' असं ते म्हणाले नाहीत, हे मी नीट लक्षात ठेवलंय. मिशीवरचा हात तसाच राहिला, नजर खाली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "रानात जाऊन बघू की, भाऊसाहेब."

"मला... न्या," आबा म्हणाले.

चौघांनी बाजलं उचललं. एका पायाला बापूकाका होते. चढावर त्यांना धाप लागली, पण त्यांनी खांदा बदलला नाही. आई सगळ्यांच्या पुढं जवळजवळ पळत होती. मी मागं.

रानात पोचल्यावर तलाठ्यांनी पीक बघितलं. जोंधळा माणसाच्या वर गेला होता, चवळी त्याला वेटाळून चढली होती. "पीक तर झकास आहे," ते म्हणाले. "पण कुणाच्या औतानं?"  आई खाली बसली आणि दोन्ही हातांनी पाला सारायला लागली. खाली गेल्या सालची धसकटं उभी होती. काळी पडलेली, पण एका ओळीत, आबांनी स्वतः पेरलेल्या ओळीत. तिनं दुसऱ्या ठिकाणी सारलं, तिसऱ्या ठिकाणी सारलं. सगळीकडं तीच उभी ओळ. तलाठ्यांनी वाकून एक धसकट उपटून पाहिलं, ते मुळासकट निघायला तयार होईना.

"बापू, हे काय म्हणतंय?" त्यांनी विचारलं.

काकांनी त्या ओळीकडं बघितलं, आबांकडं बघितलं. "औत गेलं असतं तर धसकटं उपटली असती की," ते म्हणाले. "कुणाचं बी औत आलं न्हाय हितं." धसकटं कुजून गेली असती तर ते काय म्हणाले असते, हे मला आजतागायत माहीत नाही. त्यांना विचारायचं धाडसही कधी झालं नाही.

"मग तुम्ही औत गेलं का म्हणालात?" तलाठ्यांनी आबांना विचारलं. आबांचे ओठ नुसते हलले. "माती... मऊ... एका दिसात..."

आणि मी बोलले. कसं बोलले ते विचारू नका. "आबा, मी खोटं बोललो. आधीची ढेकळं वाटेवरची होती. मी रानात जातच नव्हतो. मला सापांचं भ्या वाटायचं."

कुणी मला मारलं नाही, कुणी रागावलंही नाही. तलाठ्यांनी नाकातून हुं केलं, दप्तर उघडलं आणि आमच्या नावापुढं लिहिलं, 'खुद्द', म्हणजे ज्याचं रान तोच कसतोय. बस्स, एवढाच शब्द. ज्याच्यासाठी आमचं घर सहा महिने झुरलं, तो दोन अक्षरांत मावला. मग ते पुढच्या रानात गेले आणि बाकीचेही त्यांच्यामागून गेले. बाजलं न्यायला मागाहून येतो म्हणाले.

रानात आम्ही तिघंच उरलो. मला वाटलं, आता आई हसेल. ती आबांकडं पाठ करून बसली होती.

"अवं," ती म्हणाली, "वीस वर्सं नांदलो मी तुमच्यात. मी कुणाला दिली असती व्हय ही जमीन?"

आबांनी मोठ्या कष्टानं शब्द जुळवले. "भ्या... भ्या वाटलं गं मला."

आई झटक्यात वळली. तिचा तसा चेहरा मी कधी बघितला नव्हता. "आन मला वाटत न्हवतं व्हय?" ती ओरडलीच. "धूर बघून वाटलं न्हाय? पीक पिवळं पडल्यालं बघून वाटलं न्हाय? रोज उठून भ्यालो मी! मातीला बरं रोज इचारत हुता. मला इचारलं का, तू भ्यालीस का म्हणून?"

आबा तिच्याकडं बघत राहिले.  त्यांचं वाकडं तोंड दोनदा उघडलं, मिटलं.

"लई... भ्यालीस?"

"लई," आई म्हणाली, आणि तिथंच, पाल्यावर, आम्हा दोघांच्या देखत तोंडाला पदर लावून रडायला लागली.